सायकल हेल्मेट, आठ महिन्यांनंतर: खोक्यावरच्या त्या ८५ टक्क्यांचं काय?

जूनमध्ये घेतलं, आता फेब्रुवारी. कोथरूड ते शिवाजीनगर, जाऊन-येऊन रोज बाराएक किलोमीटर. मागची घट्ट करायची चकती एका हाताने फिरते, हे सगळ्यात आवडलं. आतले पॅड मात्र पावसाळ्यात सुकता सुकत नाहीत, कुबट वास धरतात. हनुवटीचा पट्टा तिसऱ्या महिन्यापासून आपोआप सैल होतो, रोज ओढावा लागतो.

ऑगस्टमध्ये पौड फाट्याजवळ ओल्या पांढऱ्या पट्ट्यावरून चाक घसरलं. कोपर सोलवटलं, गुडघ्याला चार टाके. डोकं कुठेच आपटलं नाही, हेल्मेटवर ओरखडासुद्धा नाही. तरी ऑफिसात, सोसायटीत, सासुरवाडीला एकच वाक्य: ‘हेल्मेट होतं म्हणून वाचलास!’ दसऱ्याला आईने सायकलीबरोबर त्यालाही झेंडूचं फूल वाहिलं. म्हटलं, गुडघ्याचं श्रेय याला कसं काय?

मग खोकं पुन्हा वाचलं. ‘डोक्याच्या दुखापतीत ८५ टक्के घट.’ हा आकडा १९८९ च्या सिएटलमधल्या एका अभ्यासाचा. डोक्याला मार लागून इस्पितळात आलेल्या २३५ जणांपैकी ७ टक्क्यांनी हेल्मेट घातलं होतं. इतर दुखापतींसाठी आलेल्या सायकलवाल्यांपैकी २४ टक्क्यांनी. फरक मोठा आहे, पण हेल्मेट घालणारा माणूस मुळातच जपून चालवणारा असेल तर? वय, उत्पन्न वगैरेचा हिशेब त्यांनी धरला होता, स्वभावाचा कसा धरणार? पुढे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४० अभ्यास एकत्र केले, तेव्हा डोक्याच्या दुखापतींतली घट ५१ टक्के निघाली, डोक्याच्या गंभीर दुखापतींतली ६९. अमेरिकी सरकारी खात्यांनीही २०१३ मध्ये ८५ चा दावा मागे घेतला. आमच्या खोक्याला हे कोणी कळवलेलं दिसत नाही.

हेल्मेट नको म्हणणाऱ्या गटाचं आवडतं हत्यारही तपासून घ्या. बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर यांनी स्वतः सायकल चालवून मोजलं की हेल्मेट असताना गाड्या सरासरी ८.५ सेंटिमीटर जवळून जातात. चालवणारा माणूस एकच. शिवाय तीच माहिती इतरांनी पुन्हा तपासली, तेव्हा फार जवळून जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हेल्मेटमुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. आपल्याकडे बस हँडलला घासून जाते ती डोक्यावर काय आहे हे बघून जात असेल, असं मला तरी वाटत नाही.

आतल्या स्टिकरवर ईएन १०७८ आहे. या युरोपीय मानकाच्या चाचणीत हेल्मेट सपाट ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात, म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडल्यासारखं. सायकलवरून आपण पडतो ते जवळपास तेवढ्याच उंचीवरून. डंपरची धडक त्या चाचणीत नाही, आणि खोक्यावर तसं लिहिलेलंही नाही.

घ्यावं का? घ्या, मी रोज घालतो. माझी पडझड मात्र पुरावा म्हणून कोणाला सांगू नका. आणि दुकानातच बक्कल लावून पट्टा चार-पाच वेळा जोरात ओढून बघा, माझ्यासारखं तिसऱ्या महिन्यात कळायला नको.