जज निवडून आणायचे की नेमायचे? अमेरिकेतल्या राज्यांचे दोन मार्ग
टेक्ससमध्ये जज थेट निवडणूक लढवतात, तेही पक्षाचं नाव लावून, म्हणजे लोकांना जाब विचारता येतो हे खरंय, पण प्रचाराला पैसा लागतो आणि तो देणाऱ्यांचीच केस उद्या समोर येते. वेस्ट व्हर्जिनियात २००४ ला एका कोळसा कंपनीच्या प्रमुखानं ३० लाख डॉलर ओतले, निवडून आलेले जज त्याच कंपनीच्या केसमध्ये बसले, शेवटी २००९ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की हे चालणार नाही.

मिसुरीत १९४० पासून वेगळंय. समिती तीन नावं देते, गव्हर्नर एक नेमतो, नंतर लोक फक्त ठेवा की काढा एवढंच ठरवतात. मला हेच पटतं. पण आयोवातही अशीच पद्धत असून समलिंगी विवाहाच्या निकालावरून २०१० ला तीन जजना लोकांनी घरी पाठवलं, ते अजून खुपतं.