दिवाळीच्या सुट्टीतलं इंडी पॉप: कॅफेत ऐकावं की मोबाईलवर?

मोबाईलवर सोय आहे. फराळ करता करता आपल्या कोल्हापूरच्या पोरांचं नवं इंडी गाणं, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच काढलेलं, ऐकता येतं, आवाजही स्वच्छ. फक्त स्पॉटिफायवर ३० सेकंद तरी ऐका, त्याआधी ते ऐकणं मोजलंच जात नाही.

पण सुट्टीला पुण्याहून घरी आलेली हीच पोरं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॅफेत वाजवत असतील, तर मी तिकडंच जाणार. मोठं सभागृह त्यांना परवडत नाही. त्यात १९१५ सालचं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ मध्ये आगीत जळालं. कॅफेत तार उतरली की गिटारवाला थांबतो, खुंटी पिळतो, मागून कुणीतरी ओरडतं, "होऊ दे की भावा!" आणि दुसरं कडवं पहिल्यापेक्षा जोरात येतं. हे रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाही.