गाडीनं आल्प्स की गाडीनं नेपाळ? आधी सुट्टी कोणती ते सांगा

जुळे सोलापुरातला माझा एक मित्र गेले दोन महिने दोन नकाशे पुढ्यात घेऊन बसलाय. एक आल्प्सचा, एक नेपाळचा. बायको, नऊ आणि अकरा वर्षांची दोन मुलं, आणि जमलं तर आई. डोंगर आणि तळी बघत, देशांच्या सीमा ओलांडत, स्वतः गाडी चालवत फिरायचं असं त्याच्या मनात आहे. मी म्हटलं, "काय बे, तुळजापूरच्या घाटात वहिनी डोळे मिटून बसतात, आणि तू त्यांना अठ्ठेचाळीस वळणांच्या घाटात नेणार?"

तो खर्चापासून हिशोब मांडतो. मला वाटतं सुरुवात सुट्टीपासून करावी, कारण अर्धा निर्णय तिथंच लागतो.

आपल्याकडं मे महिन्यात घर सोडून पळावंसं वाटतं आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते. आल्प्समधले उंच घाट मात्र बर्फामुळं हिवाळाभर बंद असतात. इटलीतला तो अठ्ठेचाळीस वळणांचा स्टेल्व्हिओ (२७५७ मीटर) आणि स्वित्झर्लंडमधला फुर्का (२४२९ मीटर) साधारण मेअखेर ते जूनच्या दरम्यान खुले होतात, तेही बर्फ किती पडला त्यावर. म्हणजे पाच मेचं तिकीट काढलं तर ज्यासाठी निघालात तो रस्ताच बंद. मेचा शेवटचा आठवडा ते दहा-बारा जून हीच काय ती आपल्यासाठी फट. दिवाळीत आल्प्सचा विचारच नको. ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागं घेतात, पाचच्या सुमारास अंधारतं आणि घाट एकेक करून बंद व्हायला लागतात.

नेपाळचं नेमकं उलटं. मेमध्ये तिकडं धूळ आणि धुरकं, जूनच्या मध्यापासून पाऊस आणि दरडी. पोखऱ्याला जाऊन पाच दिवस राहिलेले आणि अन्नपूर्णेचं टोकही न दिसलेले लोक मला माहीत आहेत. सगळे उन्हाळी सुट्टीत गेलेले. दिवाळीच्या आसपास मात्र हवा धुऊन स्वच्छ झालेली असते. पहाटे पोखऱ्याजवळच्या सारंगकोट टेकडीवरून अख्खी रांग दिसते आणि वारा नसेल तर माछापुछ्रे शिखर फेवा तलावात उलटं उभं असतं.

आता आल्प्समध्येच दोन फेऱ्या आहेत आणि त्यांत बरंच अंतर आहे. बहुतेकांच्या डोक्यात स्वित्झर्लंड असतं: लुसर्न, इंटरलाकेन, फुर्का, खाली उतरून इटलीतलं कोमो तळं. सुंदर आहे, वादच नाही. पण स्वित्झर्लंड गाडीनं बघणं म्हणजे ताटात पुरणपोळी असताना भातानं पोट भरणं. तिथली रेल्वे, बोट आणि बस एका पासात मिळते आणि खिडकीतून सगळ्यांनाच बघता येतं, चालवणाऱ्यालासुद्धा. गाडी घेतली की मोटारवेसाठी ४० फ्रँकचा विन्येट (टोलचा परवाना) घ्यावा लागतो. तो वर्षाचाच मिळतो, एका दिवसासाठी गेलात तरी तेवढेच. पार्किंगचे पैसे वेगळे.

माझं मत पूर्वेकडच्या फेरीला. म्युनिकला गाडी घ्यायची, क्योनिगसे तलाव बघायचा (तिथं १९०९ पासून बोटी विजेवर चालतात, त्यामुळं पाण्यावर कमालीची शांतता असते), मग ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर रस्ता. हा १९३५ साली खुला झाला. ४८ किलोमीटर, ३६ वळणं, २५०४ मीटरपर्यंत चढतो, आणि साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो. आपल्या सुट्टीत बसतो तो असा. त्याचा टोल वेगळा आणि चांगलाच दणदणीत आहे, पण तो दिवसाचा असतो, म्हणून सकाळी लवकर चढून दिवसभर वरच रेंगाळावं. पुढं इटलीतले डोलोमाइट डोंगर, आणि शेवटी स्लोव्हेनिया: व्ह्रशिच घाटाची पन्नास वळणं, बोहिन्य आणि ब्लेड ही तळी. चार देश, पण अंतर हजार-बाराशे किलोमीटरच. दहा दिवसांत आरामात होतं.

ब्लेडच्या तळ्यात बेटावर चर्च आहे. आपण सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यात बघत वाढलेले, त्यामुळं मला त्याचं फार अप्रूप वाटलं नाही, खरं सांगतो. पंचवीसेक किलोमीटरवरचं बोहिन्य जास्त आवडलं. काठावर गर्दी नाही, मागं सरळ उभे डोंगर. तिथल्या एका बाकावर आम्ही कडक भाकरी मांडीवर मोडून शेंगाचटणीबरोबर खाल्ली. शेजारच्या आजोबांनी चटणीची चिमूट चाखली आणि तळ्याकडं बघत बराच वेळ गप्प बसले. (चटणी-भाकरी नेता येते. पेढे, खवा, तूप मात्र नको. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे.)

कागदपत्रांचं सोपं आहे, फक्त वेळेत करायला हवं. चारही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडं अर्ज. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या तारखा पटापट भरतात. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतच निघतो, हजार रुपये, मुदत वर्षभर. गाडी घेताना क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं मुद्दाम सांगून बुक करावी लागते. आपल्या मुलांची उंची दीडशे सेंटीमीटरच्या आत असेल तर त्यांच्या सीटचेही पैसे धरा.

चालवण्याचं म्हणाल तर उजवीकडून चालवायची सवय अर्ध्या दिवसात होते. हाताची होत नाही. इंडिकेटर डावीकडं, वायपर उजवीकडं, म्हणून पहिले दोन दिवस प्रत्येक वळणाला स्वच्छ उन्हात माझे वायपर चालू. मागं मुलं मोजत होती. इटलीत जुन्या गावांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. तोंडाशी छोटी पाटी आणि कॅमेरा, बस्स. मला एकाच चौकाचे दोन दंड बसले, एक जाताना, एक परत येताना. आणि गाडी भाड्यानं देणाऱ्यांनी माझा पत्ता पोलिसांना कळवण्याचे पैसे कार्डावरून वेगळे कापले. गाडी गावाबाहेर लावून चालत जा.

नेपाळचा हिशोब वेगळ्या जातीचा आहे. गाडी आपलीच, नंबर एमएच १३, परवाना आपलाच चालतो, रस्त्याची बाजूही आपलीच. सोनौलीला, म्हणजे सीमेवर, भन्सार (गाडीचं सीमाशुल्क) भरायचा, जितके दिवस तितकी फी. व्हिसा नाही. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १.६०, हा दर १९९३ पासून हललेला नाही. एकच गोष्ट लोक विसरतात: आपल्या गाडीचा विमा नेपाळमध्ये आपोआप लागू होत नाही. थोडा जादा हप्ता भरून तो तिथवर वाढवून घ्यावा लागतो.

पण सोलापूर ते सोनौली दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. तीन दिवस जाताना, तीन येताना. दिवाळीच्या सुट्टीतले सहा दिवस नागपूर-जबलपूरच्या रस्त्यावर गेले. सोनौलीपासून लुंबिनी जवळ आहे, पहिला मुक्काम तिथं करावा. पुढं बुटवल-पोखरा रस्ता नकाशावर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर दिसतो, लागतो अख्खा दिवस. मुक्तिनाथला (३७०० मीटरच्या वर) आपली गाडी नेऊच नका, पोखऱ्याहून तिथलीच जीप करा. वाटलं तर गोरखपूरपर्यंत रेल्वेनं जाऊन पुढं भाड्याची गाडी, पण मग "स्वतः चालवत" ही हौस राहते.

भूतान त्यात जोडायचा मोह मित्राला होतो. भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क आहे, मुलांना निम्मं, आणि आपली गाडी आत न्यायची तर तिचे वेगळे. शिवाय नेपाळच्या पूर्व टोकाहून सिलिगुडीमार्गे भूतानच्या सीमेवरचं जयगाव गाठायचं. एका सुट्टीत दोन्ही म्हणजे दोन्हीकडं फक्त रस्ता बघायचा.

मी त्याला म्हटलं, जूनमध्ये चौघंच जाणार असाल तर म्युनिकचं तिकीट काढ, स्वित्झर्लंड पुढं कधीतरी रेल्वेनं. त्यानं मान डोलावली, मग हळूच म्हणाला की आईला मुक्तिनाथ बघायचाय. आईंचा पासपोर्ट अजून काढलेला नाही. नेपाळला मतदार ओळखपत्र चालतं. कॅलेंडर त्यानं दिवाळीच्या पानावर उलटलं.