आधी धोरण की आधी कर्जाची फाइल? कोकणातल्या छोट्या बँकेच्या संचालकांसाठी

चिपळूण, महाड, श्रीवर्धनकडच्या छोट्या सहकारी बँकेने हवामानाची जोखीम मनावर घ्यायची ठरवली, तर दोन वाटा दिसतात. एक, बँकांनी हवामानाच्या जोखमीची माहिती जाहीर करण्याबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या मसुद्यावर बेतलेलं लेखी धोरण करायचं. दुसरी, धोरण बाजूला ठेवून प्रत्येक कर्जाच्या फाइलमध्ये जागा, पूररेषा आणि विमा तपासायचा.

पहिलीची सक्ती तुमच्यावर नाही. २८ फेब्रुवारी २०२४ चा मसुदा नागरी सहकारी बँकांपैकी फक्त चौथ्या स्तराचं, म्हणजे १०,००० कोटींच्या वर ठेवी असलेल्यांचं नाव घेतो. पतसंस्थांची नोंदणी आणि देखरेख तर सहकार खात्याकडे. कारभार, व्यूहरचना, जोखीम व्यवस्थापन, मोजमाप आणि उद्दिष्टं या चार भागांत माहिती जाहीर करा, असं मसुदा सांगतो. सल्लागार असा दस्तऐवज करून देईल, संचालक मंडळ ठराव करेल, तपासणीला दाखवायला कागद होईल. बाजारपेठेतलं एकही कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरचं फिरतं कर्ज) खातं मात्र त्याने सुरक्षित होत नाही.

दुसरी वाट कटकटीची आहे. तारणाची जागा निळ्या पूररेषेच्या आत की लाल, हे जलसंपदा विभागाच्या नकाशावर पाहायचं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. पण वाशिष्ठीने चिपळुणात २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ ला थैमान घातलं. म्हणून नकाशासोबत, त्या दुकानात तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, हेही फाइलवर लिहावं. ते शेजारीपाजारी फुकट सांगतात.

मग विमा. पॉलिसी आहे एवढ्यावर शाखाधिकारी खूण करतो, आणि घोटाळा तिथेच होतो. जुन्या फायर पॉलिसीत हप्ता वाचवायला वादळ-पुराचं संरक्षण वगळता येत असे. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत (एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत) पूर अंतर्भूत आहे. तरी रक्कम पाहाच. विमा बहुतेकदा कर्जमर्यादेएवढा काढतात, मालाएवढा नाही. गणपतीसाठी दुकान भरलेलं, माल ४० लाखांचा आणि विमा २० लाखांचा असेल, तर भरपाईही त्याच प्रमाणात घटते आणि १० लाखांच्या नुकसानीवर साधारण ५ लाखच हाती येतात. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ आहे, निम्मा नाही. पॉलिसीत बँकेचं नाव चढवलंय का, हेही बघा.

बागायतीच्या कर्जाला हे गणित चालत नाही. हवामान आधारित फळपीक विम्यात बागायतदार विमा रकमेचा ठरावीक हिस्सा हप्ता म्हणून भरतो. अवेळी पाऊस, तापमान, वाऱ्याचा वेग यांची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. तुमच्या कर्जदाराच्या घळीतली बाग आणि ते केंद्र यांचं हवामान सारखं असेलच असं नाही. शिवाय हा विमा त्या हंगामाच्या फळाचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला काही वर्षं जातात, हप्ते त्याआधीच सुरू होतात. तिथे मुदत आणि सवलतीचा काळ सुरुवातीलाच झाडाच्या हिशेबाने द्यावा. विम्यावर भिस्त ठेवू नये.

एवढं करूनही दुसऱ्या वाटेत एक भोक राहतं. प्रत्येक फाइल नीट असते, पण सगळे कर्जदार एकाच नदीच्या काठी बसलेले असतात. त्या दिवशी खाती एकदमच थकतात, आणि विम्याचे पैसे येईपर्यंत ठेवीदारही घरं सावरायला ठेवी मोडायला येतात. हे चित्र एकेका फाइलमध्ये दिसत नाही.

म्हणून मी दुसरी वाट निवडेन आणि पहिलीतून दोनच गोष्टी घेईन. दर तिमाहीला दोन्ही पूररेषांच्या आतलं एकूण कर्ज संचालक मंडळासमोर यावं, आणि त्याला वरची मर्यादा असावी. मर्यादेवर वाद होणारच, कारण अनेक संचालकांची दुकानंही त्याच बाजारपेठेत असतात. अशांनी त्या ठरावापुरतं मतदानातून बाजूला राहावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं. पॉलिसींची तपासणी मात्र ठरावासाठी थांबवू नका. ती मे अखेरपर्यंत उरका. पाऊस तोंडावर आल्यावर कमी पडलेली रक्कम वाढवायला वेळ उरत नाही.