तीन क्लाउड, एक कमांड: टीमक्स की ॲन्सिबल?

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर या क्लाउडचा पुण्यातला विभाग (म्हणजे डेटा सेंटर्सचा समूह) २०१५ मध्ये सुरू झाला, ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसचा मुंबईतला २०१६ मध्ये आणि गुगल क्लाउडचा २०१७ मध्ये. एकाच कामाचे सर्व्हर दोन-तीन क्लाउडवर विखुरलेले असणे आता आपल्याकडे नवलाचे राहिलेले नाही आणि त्या सगळ्यांवर एकाच वेळी कमांड चालवायची वेळही अनेकांवर येते. त्यासाठी प्रामुख्याने दोन वाटा दिसतात. एक म्हणजे टीमक्स या टर्मिनलच्या साधनात स्क्रीनचे कप्पे पाडून प्रत्येकात एकेका सर्व्हरचे एसएसएच सेशन (दूरच्या मशीनवरचे सुरक्षित लॉगिन) उघडायचे आणि ‘सिंक्रोनाइझ-पेन्स’ चालू करायचे, म्हणजे एकदा टाइप केलेले सगळ्या कप्प्यांत जाते. दुसरी म्हणजे ॲन्सिबल, म्हणजे कोणत्या मशीनवर कोणती कामे करायची हे फाइलीत लिहून दिले की ती करून देणारे साधन. मी दोन्हींवर पुरेसे काम केले आहे आणि आज माझा कल एका बाजूला आहे, तरी दुसरी बाजू टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही.

टीमक्सचे सर्वांत मोठे बळ हे, की समोर जे चालले आहे ते त्याच क्षणी दिसते. रात्री अचानक साइट मंदावली आणि चार मशीनचे लॉग शेजारी शेजारी वाहताना पाहायचे असतील, तर याला तोड नाही. आधी काही लिहून ठेवावे लागत नाही, दूरच्या मशीनवर (ॲन्सिबलला लागणारे) पायथन आहे की नाही हे बघावे लागत नाही आणि टीमक्स जंप सर्व्हरवर (बाकीच्या मशीनकडे जाण्यासाठीच्या मधल्या मशीनवर) चालवले असेल तर घरची वीज गेली किंवा नेट तुटले तरी सेशन जागेवर राहते. मशीनची संख्या वाढली की कप्पे इतके अरुंद होतात की ओळी वाचवत नाहीत, पण तो भाग मोठ्या स्क्रीनने काही अंशी निभावता येतो.

मला जे खटकले ते वेगळे होते. टीमक्स कमांड पाठवत नाही, ते कळा पाठवते. ही गोष्ट कागदावर किरकोळ वाटते, परंतु सगळ्या मशीन एकसारख्या वागतील तोवरच ती किरकोळ राहते. उबुंटूच्या मशीनवर ‘ॲप्ट अपग्रेड’ (पॅकेजेस अद्ययावत करणारी कमांड) चालवले आणि त्यांतल्या एकाच मशीनवर पूर्वी कोणी एनजिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग फाइल हाताने बदललेली असली, तर तेवढ्या एका कप्प्यात डीपीकेजी (ॲप्टच्या आतला, पॅकेज बसवणारा प्रोग्राम) थांबून विचारते की जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ. बाकीचे कप्पे काम संपवून प्रॉम्प्टवर परत आलेले असतात, नजर त्यांच्यावर असते, आणि आपण पुढची कमांड टाइप करतो. त्या एका कप्प्यात ती कमांड म्हणजे प्रश्नाचे उत्तर ठरते. डीपीकेजी ओळीतले पहिले अक्षर तेवढे वाचते, त्यामुळे कमांड ‘डॉकर’ने सुरू होत असेल तर ‘डी’ म्हणजे ‘फरक दाखव’ असा अर्थ घेऊन ते दोन फाइलींमधला फरक दाखवते, आणि तो फरक पेजरमध्ये (मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडला तर त्यापुढच्या कळा पेजर खात बसतो. अक्षर ‘एन’ असेल तर जुनी फाइल राहते, ‘वाय’ असेल तर नवी बसते, आणि कोणत्या मशीनवर काय ठरले याची नोंद समोर कुठेच उरत नाही. प्रश्न लक्षपूर्वक पाहण्याचा नाही. कोणती कमांड कुठे यशस्वी झाली हे टीमक्सला माहीतच नसते, कारण एक्झिट कोड (कमांड संपताना यश-अपयश सांगणारा आकडा) त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्या साधनाला यश-अपयश कळत नाही त्याच्या भरवशावर बदल करणे मला जड जाऊ लागले.

ॲन्सिबलमध्ये हाच प्रसंग उद्भवू नये अशी रचना आहे. त्याचे ॲप्ट मॉड्यूल (पॅकेजेस हाताळणारा भाग) प्रश्न न विचारणाऱ्या पद्धतीने चालते आणि हाताने बदललेली फाइल सापडली तर मुळातच जुनी ठेवते. शेवटच्या गोषवाऱ्यात प्रत्येक मशीनपुढे किती कामे झाली, काय बदलले, काय फसले आणि कोणते मशीन हाती लागलेच नाही हे लिहिलेले असते. तिन्ही क्लाउडसाठी इन्व्हेंटरी प्लगइन (मशीनची यादी थेट क्लाउडकडून घेणारी जोडणी) उपलब्ध असल्याने, मशीन बंद-चालू केल्यावर पब्लिक आयपी बदलला तरी यादी हाताने दुरुस्त करावी लागत नाही. इकडे ‘ईसी२-युजर’, तिकडे ‘ॲझ्युअरयुजर’ अशी लॉगिनची नावेही एकदाच गटवार लिहून ठेवता येतात.

त्याचे दोष मात्र लपवण्याजोगे नाहीत. नेहमीच्या पद्धतीने चालवले तर लांबलेले काम संपेपर्यंत स्क्रीनवर काहीच उमटत नाही, आणि सवय नसलेल्या माणसाचा धीर तेवढ्यात सुटतो. मूळ सेटिंगमध्ये एका वेळी पाचच मशीन हाताळली जातात, म्हणून ‘फोर्क्स’चा (एका वेळी किती मशीन, याचा) आकडा वाढवल्याशिवाय वेगाबद्दल मत बनवू नये. शिवाय एक काम सगळ्या मशीनवर पुरे झाल्याशिवाय पुढचे सुरू होत नाही, त्यामुळे सर्वांत संथ मशीन इतरांनाही अडवून धरते. प्रत्येक मशीनला आपापल्या गतीने पुढे जाऊ देणारी ‘फ्री’ स्ट्रॅटेजी निवडली तर ती अडचण सुटते, पण मग आउटपुट वाचायला किचकट होते. नुसती कर्नलची आवृत्ती किंवा डिस्कची जागा विचारायची असेल, तर या दोघांपेक्षा क्लस्टरशेल हे साधन बरे, कारण त्याच्या ‘क्लश’ या कमांडला ‘बी’ हा पर्याय दिला की एकसारखी उत्तरे एकत्र करून दाखवते आणि वेगळे पडलेले मशीन लगेच नजरेत भरते.

तुमच्याकडे मोजकी मशीन असतील आणि काम बहुतांशी पाहण्याचे असेल, तर टीमक्स सोडण्याचे कारण मला दिसत नाही. मशीनवर काही बदलायचे असेल, आणि तेही वेगवेगळ्या क्लाउडवर, तर मी ॲन्सिबल सुचवेन. माझ्याकडे ॲन्सिबल जंप सर्व्हरवरच्या एका टीमक्स सेशनमध्ये चालते, शेजारच्या कप्प्यात लॉग उघडे असतात आणि सिंक्रोनाइझ बंद असते. नवे प्लेबुक (ॲन्सिबलच्या कामांची फाइल) आधी ‘लिमिट’ (ठरावीक मशीनपुरते चालवण्याचा पर्याय) लावून प्रत्येक क्लाउडच्या एकेका मशीनवर चालवतो, आणि बाकीच्यांसाठी ‘सिरियल’ (एका गटात किती मशीन) ठरवून गटागटाने पुढे जातो.