डाव्या कानात बाबा, उजव्या कानात मी: दाविंची रिझॉल्व्हचा ऑडिओ

दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती मी दीड वर्षापासून वापरतोय. कटिंग आणि कलरबद्दल सगळेच लिहितात. मी आवाजाबद्दल लिहितो, कारण माझी फजिती तिथेच झाली.

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, आधी नागपूरच्या महाल भागात लाकडी नंदी घडवणाऱ्या एका बाबांची मुलाखत घेतली. दोन कॉलर माइक, रिसीव्हर एकच आणि तो स्टिरिओवर. म्हणजे बाबा डाव्या चॅनलवर, मी उजव्या. रेकॉर्डिंगला हे सोयीचंच, फक्त एडिट करताना ध्यानात ठेवावं लागतं. मी नाही ठेवलं. लॅपटॉपच्या स्पीकरवर दोघंही ऐकू येत होतो, मीटरच्या दोन्ही पट्ट्या हलत होत्या. पाठवून दिली फाइल. तासाभरात त्यांच्या पोराचा फोन: "भाऊ, तुम्हीच बोलून राहिले न! बाबा तं चुपच." पठ्ठ्या वायरवाल्या इअरफोनची उजवी बाजू तेवढी कानात घालून बसला होता.

खरं तर इलाज सोपा आहे. टाइमलाइनवर (जिथे कटिंग करतो) टाकण्याआधी मीडिया पूलमध्ये, म्हणजे आणलेल्या फाइल्स असतात तिथे, क्लिपवर राइट क्लिक, क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स, ऑडिओ. तिथे स्टिरिओचं मोनो (एकाच चॅनलचं) करायचं, आणखी एक मोनो ट्रॅक जोडायचा, पहिल्याला चॅनल 1 आणि दुसऱ्याला चॅनल 2 द्यायचं. मग दोघांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर उतरतात आणि दोन्ही कानांत सारखे वाजतात. मी मात्र कटिंग उरकून बसलो होतो, आणि मीडिया पूलमधला हा बदल आधीच टाइमलाइनवर असलेल्या तुकड्यांना लागत नाही. मग सगळ्या ऑडिओची खालच्या ट्रॅकवर कॉपी केली, वरच्या तुकड्यांना चॅनल 1, खालच्यांना चॅनल 2, सगळे मोनो. ट्रॅकच्या नावावर राइट क्लिक करून ट्रॅकही मोनो केले. हे विसरू नका बरं, मोनो क्लिप स्टिरिओ ट्रॅकवर ठेवली की ती डाव्या कानातच अडकते.

वेगळे ट्रॅक झाल्याचा फायदा लगेच दिसला. बाबा बोलता बोलता रंधा मारायचे, तो माझ्या माइकमध्येही खरखरत होता. ते बोलत असताना माझा ट्रॅक बंद ठेवला आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. मुलाखतीच्या मागे टाकलेलं बँडचं संगीत तेवढं स्टिरिओ ट्रॅकवरच राहू दिलं. त्याला मोनो करून काय मिळवायचं?

फुकट आवृत्तीतून फोरके, सेकंदाला साठ फ्रेमपर्यंत फाइल निघते. फेअरलाइटचं, म्हणजे आवाजाच्या कामाचं, अख्खं पानही त्यातच मिळतं. त्यामुळे 295 डॉलरची स्टुडिओ ही विकतची आवृत्ती घ्यावी असं मला अजून वाटलेलं नाही. लॅपटॉप तेवढा दमदार लागतो. माझ्या जुन्या आठ जीबीवाल्यानं कधीच हात टेकले होते.

दुसरी फाइल गेली, पोरानं त्याच इअरफोननं ऐकली. म्हणाला, "आता बाबा मस्त ऐकू येऊन राहिले. तुमचे प्रश्न थोडे कापा न पण."