आरडीचा सीडीआय, दोन पावसाळ्यांनंतर

माझी राजदूत 350 (यामाहाच्या आरडी 350 वरून बनलेली, म्हणून आरडी) म्हणजे 1986 ची एलटी, लो टॉर्क, 27 हॉर्सपॉवरवाली. (एचटी, म्हणजे हाय टॉर्क, साडेतीसची. तिचे मालक आमच्याकडे जरा दयेनंच बघतात.) गाडी काकांची, आता माझ्याकडे. तिला सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बसवून दोन पावसाळे झाले, म्हणून आता लिहितोय.

आधी पॉइंटचा, म्हणजे कॅमवर उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या जुन्या स्विचचा, छळ. आरडीला दोन सिलिंडर, म्हणजे पॉइंटचे दोन सेट, दोन कंडेन्सर, दोन कॉइल. फिलर गेजनं 0.35 चा गॅप लावायचा, प्लग काढून तिथं डायल गेज बसवायचा आणि पिस्टन पूर्ण वर यायच्या साधारण 2 मिमी आधी पॉइंट उघडतोय का ते बघायचं. एक बाजू जुळली की दुसरी. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजली की गॅप कमी होतो, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागं पडतं. दोन्ही टाचा सारख्या झिजतील तर शपथ! रंकाळ्यापर्यंत ठणठणीत आलेली गाडी पन्हाळ्याच्या चढाला लंगडायची. महाद्वार रोडच्या गर्दीत दहा मिनिटं रेंगाळलं की प्लग तेलकट, मग परत पान्हा काढा.

पॉइंटची अडचण वेळेची आहे. 7000 आरपीएमला एक फेरा साडेआठ मिलिसेकंदांत संपतो, त्यातही कॉइल भरायला मिळतो थोडाच भाग. सीडीआयमध्ये कपॅसिटर आधीच तीनेकशे व्होल्टला भरून तयार असतो. पिकअपनं (रोटरची जागा ओळखणाऱ्या सेन्सरनं) इशारा दिला की एससीआर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच दार उघडतो आणि सगळं एकदम कॉइलवर रिकामं होतं. ठिणगी टिकते कमी, पण उडते इतक्या झटक्यात की तेलकट प्लगवरून करंट गळायलाही सवड मिळत नाही. टू-स्ट्रोकला नेमकं हेच हवं. यामाहाच्या आरएक्स 100 ला सीडीआय कंपनीतूनच यायचा, त्या पोरांना हे दुखणं कधी कळलंच नाही.

किटचं नाव लिहीत नाही. विकणारा माणूस फोनवर गोड बोलला होता आणि पुढे मी शिव्या देणार आहे. साडेबावीस हजारांत रोटर, स्टेटर, सीडीआयचा डबा, दोन कॉइल आणि झेरॉक्सचा एक कागद. रोटरला चावी नाही, क्रँकच्या निमुळत्या टोकावर (टेपरवर) फिरवून खुणा जुळवायच्या. मिस्त्रीमामांनी टायमिंग लाइट लावून अर्ध्या दिवसात काम उरकलं.

फरक? पाच किका लागायच्या तिथं दुसऱ्या किकेला गाडी बोलते, बॅटरी मेलेली असली तरी. तोच बी8एचएस प्लग वर्षभर टिकला. डबा वरच्या आरपीएमला टायमिंग थोडं मागं घेतो, त्यामुळे जाळ एक्झॉस्टकडे जास्त जातो. एक्स्पान्शन चेंबर (रेसिंगचा फुगीर सायलेन्सर) लावलेल्यांना त्याचा खरा फायदा. माझ्या कंपनीच्या सायलेन्सरवर टॉप स्पीड तसूभर वाढलं नाही. ‘पाच हॉर्सपॉवर वाढतात’ म्हणणाऱ्याला गाडी डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) चढवायला सांगा.

आता शिव्या. पहिल्याच पावसात गगनबावड्याच्या अलीकडे गाडी एकदम गप्प. टपरीखाली पाऊण तास. घरी आणून बघतो तर अर्थिंगची वायर सरळ फ्रेमच्या रंगावर कसलेली, लोखंडाला नीट टेकलेलीच नाही. कागदात त्याबद्दल अक्षर नाही. मामा म्हणाले, “तुझ्या इलेक्ट्रॉनिक्सला काय धाड भरलीय? रंग आडवा आलाय.” चूक खरं तर आमची दोघांची, पण ते तसं म्हणाले नाहीत. कनेक्टर मात्र निव्वळ खेळण्यातले होते. ते कापून कारचे वॉटरप्रूफ बसवले, तेव्हापासून कुरकुर नाही. आणि एक, प्लगची कॅप काढून हवेत ठेवून किक मारू नका. बाहेर जायला वाट मिळाली नाही की ते हजारो व्होल्ट कॉइलच्या आतूनच वाट काढतात.

घ्यावं का? रोज चालवत असाल तर घ्याच. पण डबा राळेत बुडवलेला, उघडता येत नाही. पॉइंट निदान काडेपेटीच्या कडेवर घासून घर गाठता यायचं. सुट्टा डबा मागवला तर नऊ हजार आणि तीन आठवडे. पॉइंटची जुनी प्लेट सोबत ठेवून उपयोग नाही, तिचा कॅम जुन्या रोटरवर. म्हणून लांब निघताना मित्राची आरएक्स बरोबर घेतो, आणि डिकीत दोर.